तांब्यावरचं फुलपात्र

१

मालू जाऊन तीन महिने झाले, तरी गिरधर मास्तरांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची सवय सोडली नव्हती.

सत्तावीस वर्षं ते तिला वाचून दाखवत आले होते. शाळेतून यायचं, हातपाय धुवायचे, खिडकीजवळच्या बाकावर बसायचं आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायची. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायची. हाताशी पाण्याचा तांब्या आणि त्यावर फुलपात्र. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायची हौस दांडगी. जाहिरातीसुद्धा सोडू द्यायची नाही. मधूनच घोटभर पाणी प्यायची आणि फुलपात्र तांब्यावर ठेवायची. टण्. गेली काही वर्षं तिला तहान फारच लागायला लागली होती. काळजी वाटून मास्तरांनी तिला वैद्यांकडेही नेलं होतं. वैद्यांनी नाडी पाहून कसलंसं चूर्ण दिलं. तिने ते मुकाट्याने घेतलं. तहान काही कमी झाली नाही.

आता लोधीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत पाट तसाच होता, तांब्याही. मास्तर रोज सकाळी त्यात ताजं पाणी भरत आणि कालचं तुळशीला घालत. हे कशासाठी, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. विचारायला कोणी येत नव्हतं, तेच बरं होतं.

वैशाखातला शुक्रवार होता. शेजारचे माग शुक्रवारी बंद असत, त्यामुळे गल्ली अगदी निपचित पडली होती. पहिल्याच पानावर नव्या राज्यांची बातमी होती. निमाड जिल्हा, म्हणजे बऱ्हाणपूरसुद्धा, मध्यप्रदेशातच राहणार, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. मालूचं माहेर खानदेशातलं, रावेरचं. ‘आपल्याला खानदेशाशी जोडतील का हो?’ हे ती मरेपर्यंत विचारत होती. मास्तर पाटाकडे न बघता वाचून गेले, “बऱ्हाणपूर तालुका खानदेशाला जोडण्याचा विचार चालू आहे.”

टण्.

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं.

पाट रिकामा होता. तांब्यावर फुलपात्र होतं. ते उठले, वाकले, फुलपात्र उचलून पाहिलं. आतल्या कडेला पाण्याचा एक थेंब होता. उन्हाळ्यात पाण्याची वाफ धरते, त्यांनी स्वतःला सांगितलं. पितळ तापतं, निवतं, वाजतं. शाळेत मुलांना हे आपणच शिकवतो.

त्या दिवशी त्यांनी उरलेलं वर्तमानपत्र मनात वाचलं.

२

मास्तर शिकलेले होते. एखादी गोष्ट पटेना, तर ती पडताळून पाहावी हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस ओळी छापल्या होत्या तशा वाचल्या. काही झालं नाही. कापसाची आवक, केळीच्या वॅगनी, नेपानगरच्या कारखान्याची बातमी, सगळं अक्षरन्‌अक्षर वाचलं. उंबऱ्याशी शांत होतं. मग रेल्वे अपघाताची बातमी आली. तीन ठार. ते वाचताना जीभ आपोआप वळली, “तिघांना किरकोळ दुखापत.”

टण्.

बदलून वाचायची खोड त्यांना जुनी होती. तिला वाईट वाटू नये म्हणून मेलेले ते जखमी करत, महागाई थोडी उतरवत, कधी रावेरला दोन थेंब पाऊस पाडत. त्यात त्यांना कधी काही गैर वाटलं नव्हतं. उलट, आपण संसारात एवढं तरी प्रेमाने केलं, असंच वाटायचं.

उंदीर असेल. पण उंदराला खरं-खोटं कुठून कळणार?

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. 

३

रविवारी सकाळी नंदकुमार आला. गावातल्या जुन्या टॉकीजचा हा तरुण मालक. वडील वारल्यावर दोन वर्षांपासून तोच सगळं बघत होता. सायकल भिंतीला टेकवून तो आत आला.

“मास्तरजी, एक काम आहे. ना मत कहना.”

“आधी बस तरी.”

“आमची आवाजाची मशीन बिघडली. दुरुस्तीला मुंबईला पाठवली, पंधरा दिवस तरी लागतील. तोवर काय दाखवू, लोकांना माझं तोंड? मग माळ्यावर बाबांच्या वेळच्या डब्या सापडल्या. मुका सिनेमा! सुपडूकाका म्हणतात, ह्याला वाचणारा लागतो, आणि तो तर इथंच लोधीपुऱ्यात बसलाय.”

“सुपडू अजून आहे?”

“आहे म्हणजे! मशीनवर अजून तेच. आम्हा पोरांना अजून पाणी पाजतात.” नंदकुमार हसला. “चार दुपारचे खेळ, बस. लोकं हसायला आली तरी चालतील, आली पाहिजेत.”

“कुठला सिनेमा?”

“नावाचा तुकडाच गळालाय. एक चित्रकार आहे, एक मूर्ती बनवणारा आहे, दोघं दोस्त. आणि एक नाटकवाली.”

मास्तरांनी बाकावरची वर्तमानपत्राची घडी बाजूला सरकवली. मग त्यांची नजर उंबऱ्याकडे गेली. दिवसातला एवढा सगळा वेळ. शाळेला सुट्टी. एवढी मोठी दुपार.

“येतो,” ते म्हणाले.

४

तालीम मंगळवारी दुपारी झाली. पंखे बंद, दारं लावलेली, आत शेणाने सारवलेल्या जमिनीचा आणि विड्यांचा जुना वास. डावीकडे बायकांचे बाक, मध्ये कंबरेएवढी फळी, कोपऱ्यात पाण्याचं मडकं. सगळं होतं तसंच. मास्तर पडद्याच्या उजव्या कडेला उभे राहिले. हातात त्यांनी काठीही धरली.

वर मशीनच्या खोलीतून सुपडू ओरडला, “वळखलं का, मास्तर?”

“आवाजावरनं वळखलं. केस राहिलेत का डोक्यावर?”

“केस गेले, हात शाबूत हाय. हँडल जोडलंय पुन्हा. तुमी काठी आपटा, मी हळू करतो. जुनी रीत!”

तीच रीत होती. पडद्यावर मजकूर यायचा, तोही तीन-चार लिप्यांत दाटीवाटीने. गावातल्या बहुतेकांना त्यातली एकही लिपी येत नसे. मग गिरधर वाचायचा. मजकूर लांब असला की तो काठी आपटायचा आणि सुपडू हँडलचा वेग कमी करायचा. ओठ हलताना दिसले की गिरधर त्या ओठांत शब्द घालायचा. लोकांना वाटे, बायका पडद्यावर खरंच तसं बोलतात. त्याचा आवाज म्हणजे जणू छापलेलं.

तेव्हा तो मास्तर नव्हता. बावीस-तेवीस वर्षांचा नुसता गिरधर होता. बाहेरच्या कापडी पाट्या रंगवायचा लीलाधर. पायपेटी वाजवायचे रावेरहून इथे येऊन राहिलेले मालूचे वडील, आणि त्यांच्याजवळच्या बायकांच्या पहिल्या बाकावर रोज बसायची मालू. खेळ सुटल्यावर गिरधर, लीलाधर आणि सुपडू राजघाटावर भजी खात. गिरधरने तिला नुसतं पाहिलं होतं. लीलाधरशी ती बोलायची.

मग एका बुधवारी लीलाधरने त्याच्या हातात चिठ्ठी दिली. “तिला वाचून दाखव. तुझ्याशिवाय कोणावर भरवसा नाही.”

चिठ्ठीत होतं, ‘मालू, शुक्रवारी चांदनी स्टेशनवर थांबतो. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. इंदूरच्या एका नाटक मंडळीत पडदे रंगवायचं काम मिळालं आहे. तीन दिवस वाट पाहीन. नाही आलीस तर तुझं मन नाही असं समजेन.’

गिरधरने वाचून दाखवलं, “मालू, मी इंदूरला जातो आहे. तिथे माझं लग्न ठरलं आहे. माझी वाट पाहू नकोस.”

एकदाही अडखळला नाही.  तिने फक्त हात पुढे केला आणि कागद मागून घेतला. “त्याच्या हातचं आहे,” म्हणाली. “राहू द्या माझ्याजवळ.”

लीलाधर तीन दिवस चांदनीच्या फलाटावरच्या लिंबाखाली बसून होता, हे पुढे एका रेल्वेच्या माणसाने सांगितलं. चौथ्या दिवशी तो तिथे नव्हता. इंदूरला तो कधी पोचलाच नाही.

आणि त्याच दिवसांत पडद्यावर हा सिनेमा चालू होता. त्यातही चित्रकार मित्राच्या हाती पत्र देतो, मित्र ते जाळतो आणि नाटकवालीला मिळवतो. मालू पहिल्या बाकावर बसलेली. गिरधरने पुढचे तीन आठवडे सिनेमाच बदलून टाकला. मित्र पत्र जाळताना दिसला, की तो सांगायचा, “मूर्तिकार आपलीच चुकलेली रेखाटनं आगीत टाकतो आहे.” सगळ्या गावाने तोच सिनेमा पाहिला.

आता पडद्यावर पत्राचा मजकूर आला. मास्तरांनी सवयीने काठी आपटली. चक्र मंद झालं. आणि सवयीनेच तोंडातून निघालं, “मी दूर देशी जातो आहे. माझी वाट पाहू नका.”

टण्.

आवाज डावीकडून, बायकांच्या बाकांतून आला होता.

“सुपडू! तिकडे कोणी आहे का?”

“कोन असंल? पान्याचं मडकं हाय तिथं.”

मास्तर पाहून आले. मडक्यावर लाकडी झाकण होतं. धातूचं काही नव्हतं.

खाली आल्यावर सुपडू विडी पेटवत म्हणाला, “लई चांगला सिनेमा. तो मूर्तीवाला मित्र काय मानूस होता! आपलं मन मारून दोस्तासाठी झुरत राहिला. मी पोरांना सांगायचो, दोस्त करावा तर असा.”

“हो,” मास्तर म्हणाले.

५

मालूची पत्र्याची पेटी त्यांनी ती गेल्यापासून उघडली नव्हती. त्या संध्याकाळी, अजून उजेड होता तेवढ्यात, उघडली.

वर दोन लुगडी. खाली नवरदेवाचा फेटा बांधलेला मास्तरांचा जुना फोटो. त्याखाली एक लहान मुलाची पाटी, कोपरा फुटलेली, लाकडी चौकटीवर खिळ्याने ‘उषा’ कोरलेलं. आणि पाटीला लागून तो कागद.

कागदाच्या घड्या झिजून फाटल्या होत्या. मागून खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या. इतक्या वेळा उघडल्याशिवाय कागद असा होत नाही. एका पट्टीवर १९५१ असा आकडा होता.

न वाचता येणारी बाई कागद इतक्या वेळा कशाला उघडेल? त्याच्या हातचा म्हणून. नुसता बघायला. तेही पटण्यासारखं होतं. मास्तर पाटी घेऊन शेजारी गोदाबाईंकडे गेले.

गोदाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. पाटी बघून त्यांनी हात पदराला पुसला.

“अगोबाई, ही अजून आहे? उषाची आमच्या.”

“मालूकडे कशी आली?”

“म्हणजे, तुम्हाला माहीतच नाही, भाऊ? उषा बिगरीत होती ना, तेव्हा तिच्याबरोबर बसून मालूबाई अक्षरं शिकली. रोज दुपारी, तुम्ही शाळेत असताना. पोरीपेक्षा लवकर आलं तिला. मला म्हणाली, मास्तरांना सांगू नका हं गोदाबाई, एक दिवस त्यांच्या हातातला पेपर घेऊन मीच वाचून दाखवणार आहे. कशी हसायची!”

“मग?”

“मग काय झालं कोणास ठाऊक. एक दिवस येऊन पाटी मागून घेतली. म्हणाली, राहू द्या, नाही सांगायचं आता त्यांना. दिवसभर आमच्याच ओट्यावर बसून होती. बोलली नाही, जेवली नाही. संध्याकाळी तुमची शाळा सुटायची वेळ झाली तशी उठली, घरी गेली आणि तुमचा चहा टाकला.”

“कधीची गोष्ट ही?”

गोदाबाईंनी बोटं मोजली. “उषा आता सासरी गेली. दहा वर्षं झाली की. बसा ना भाऊ, असे काय झालात? पाणी देऊ?”

“नको,” मास्तर म्हणाले. “पाणी नको.”

घरी येऊन ते उंबऱ्याजवळ उभे राहिले. दहा वर्षं. तिला तहान लागत नव्हती. ती रोज दुपारी, त्यांच्या आधी, पूर्ण वर्तमानपत्र वाचून ठेवत होती. मग संध्याकाळी पाटावर बसून ऐकत होती आणि जिथे ते खोटं वाचत तिथे फुलपात्र ठेवत होती. दहा वर्षं ती त्यांना थांबायची संधी देत होती, आणि त्यांनी तिला चूर्ण आणून दिलं होतं.

६

गुरुवारी दुपारी खेळाला चाळीसेक माणसं होती. बरीचशी हसायलाच आली होती. नंदकुमारने मोठ्या कौतुकाने ओळख करून दिली, “आपल्या गावचे पुराने उस्ताद!” मागून कोणीतरी शिट्टी मारली. बायकांकडे पाच-सहा जणी होत्या. गोदाबाईही आल्या होत्या. दिवे गेल्यावर तिकडे फक्त लुगड्यांचे काठ दिसत होते.

मास्तर वाचत गेले. चित्रकाराला बक्षीस मिळालं तेव्हा लोक हसले, नाटकवालीने डोळे मोठे केले तेव्हा आणखी हसले. पण आवाज जुना होता. हळूहळू हसणं कमी झालं. विड्या विझल्या. लोक ऐकू लागले.

पत्र पडद्यावर आलं.

मास्तरांनी काठी आपटली. मजकूर थरथरत थांबल्यासारखा झाला. त्यांनी तो पडद्यावर होता तसा वाचला. “पहाटे घाटावर ये. मी वाट पाहीन.” दोन ओळी होत्या, संपल्या. सुपडूने वेग वाढवायच्या आत मास्तरांनी पुन्हा काठी आपटली, आणि खिशातला कागद न काढता म्हणाले,

“मालू, शुक्रवारी चांदनी स्टेशनवर थांबतो.”

पुढच्या रांगेत एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, “चांदनी? आपलं चांदनी?” कोणीतरी त्याला गप्प केलं.

“तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही...”

पडद्यावरच्या पांढऱ्या पत्राचा उजेड डावीकडे, बायकांच्या पहिल्या बाकावर पडला होता. बाकाच्या टोकाला, भिंतीशी, कोणीतरी बसलं होतं. पदर पुढे ओढलेला. डोळे दिसत नव्हते. उजेडात होती फक्त हनुवटी आणि ओठ.

ओठ हलत होते.

मास्तर बोलत राहिले. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. “इंदूरच्या एका नाटक मंडळीत...” ओठ त्यांच्या आवाजाबरोबर नव्हते, एक शब्द पुढे होते. त्यांनी ‘पडदे’ म्हणायच्या आधी तिथे ‘पडदे’ होऊन गेलेलं असे. जोडाक्षराशी ते किंचित थबकत, बिगरीतलं मूल थबकतं तसे, आणि मग पुढे जात. जिने ते शंभर वेळा वाचलं असेल तिचे ओठ असेच हलतील.

“...तीन दिवस वाट पाहीन. नाही आलीस तर तुझं मन नाही असं समजेन.”

पत्र संपलं. मास्तर थांबले.

ओठ थांबले नाहीत.

ते बोलतच राहिले, सावकाश, न रागावता, समोरच्याला नीट समजावं अशा बेताने. पत्रात जे नव्हतं ते. दहा वर्षं जे बोललं गेलं नव्हतं ते. गिरधरने आयुष्यात किती ओठांत शब्द घातले होते! राण्यांच्या, दासींच्या, मरणाऱ्या आयांच्या. त्यांनी तोंड उघडलं. एकही शब्द आला नाही. सगळं गाव वाट पाहत होतं आणि त्या ओठांकडे बघत मास्तर नुसते उभे होते.

पडद्यावर दृश्य बदललं. मित्र पत्र जाळत होता. दृश्य काळोखं होतं, त्यामुळे डावीकडचा उजेडही गेला.

“मित्राने पत्र जाळलं,” मास्तर म्हणाले. “कोणालाच सांगितलं नाही.”

फुलपात्र वाजलं नाही.

खेळ सुटल्यावर सुपडू खाली आला. विडी हातातच होती, पेटवली नव्हती.

“मास्तर, एवढं हळू चालवून पट्टी जळता जळता राहिली. एवढं मोठं पत्र होतं का हो?”

“होतं.”

सुपडूने त्यांच्याकडे पाहिलं नाही. “म्हंजी तो दोस्त तसा होता. आन् आमी इतकी वर्सं त्याला भला समजत होतो.” विडी कानामागे खोचत तो म्हणाला, “उद्याबी असंच वाचनार?”

“आहे तसं वाचणार.”

“बरं,” म्हणून सुपडू निघून गेला. मंगळवारसारखा पायऱ्यांपर्यंत सोडायला आला नाही.

७

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माग बंद. मास्तरांनी संध्याकाळी वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. ठार झालेले ठार म्हणून, बऱ्हाणपूर जिथे राहणार होतं तिथे. उंबऱ्याशी काही वाजलं नाही. शेवटी, लाज वाटत असूनही, त्यांनी एक ओळ मुद्दाम खोटी वाचली.

ते थांबले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले. पुन्हा एक खोटी ओळ वाचली, जरा मोठ्याने.

काहीच नाही.

आपल्याला काय हवं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं. भीती वाटत होती तोवर घरात कोणीतरी होतं.

 ते उठले. वर्तमानपत्राची नीट घडी करून बाकावर, आपल्या जागी ठेवलं. तिला चष्मा नव्हताच कधी; नीट उजेड यावा म्हणून खिडकी पूर्ण उघडली. स्वतः उंबऱ्याशी गेले आणि तिच्या पाटावर बसले. हाताशी तांब्या होता. त्यांनी फुलपात्र काढलं, पाणी ओतलं, पण प्यायले नाहीत. फुलपात्र हातातच धरून त्यांनी बाकाकडे तोंड केलं.

“वाच,” ते म्हणाले.

वारा नव्हता. तुळशीचं पानही हलत नव्हतं.

वर्तमानपत्राची वरची घडी उलगडली. पान उघडलं आणि तसंच राहिलं, एखादी बाई एकेका अक्षरावर बोट ठेवत पहिला रकाना वाचेल तितका वेळ. मग पान उलटलं.

आवाज कसलाच नव्हता. मास्तर पाटावर अंग चोरून, कान देऊन बसले होते. या वेळी त्यांनी एकही शब्द आपल्याकडून घातला नाही.